इंग्रजी बोलचालीतले शब्द : ओळखावेत कसे, वापरावेत केव्हा

लातूरहून पुण्याच्या आयटी कंपनीत नुकतीच रुजू झालेली मुलगी, वाळूजच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकाशी पहिल्यांदाच फोनवर बोलणारा सुपरवायझर आणि नर्सिंग पूर्ण करून आयर्लंडला जाण्याची तयारी करणारी नांदेडची परिचारिका, या तिघांची कामे वेगळी असली तरी अडचण एकच असते. व्याकरण पक्के असते, शब्द पाठ असतात, परीक्षेत गुणही चांगले मिळालेले असतात. पण समोरचा माणूस मोकळेपणाने बोलू लागला की शब्द न् शब्द ओळखीचा वाटूनही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. छत्रपती संभाजीनगरात मी बारा वर्षांपासून इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते आणि हा अनुभव सांगणारे विद्यार्थी मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत भेटतात.

औसा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने नोकरी लागल्यावर तिसऱ्याच आठवड्यात रात्री साडेदहाला मला फोन केला. त्याच्या अमेरिकी साहेबांनी चॅटवर 'यू आर किलिंग इट' एवढेच लिहिले होते आणि आपल्या हातून कंपनीचे काहीतरी मोठे नुकसान झाले, या समजुतीने तो जेवलाही नव्हता. "मॅडम, साहेब असं का म्हणलालेत?" हे विचारताना त्याचा आवाज कापत होता. साहेबांनी त्याचे कौतुक केले होते. 'किल' म्हणजे मारणे हे त्याला शाळेपासून ठाऊक होते; 'किलिंग इट' म्हणजे एखादे काम फार उत्तम करणे, हे त्याला कोणी कधी सांगितले नव्हते.

असे बोलणे आपल्याला नवे नाही. 'त्याने मला टोपी घातली' या वाक्यात टोपी नसते, 'दोन पेट्या मोजल्या' या वाक्यात पेटी नसते आणि 'खतरनाक जेवण झालं' असे म्हणणाऱ्याला जेवणात काही धोका दिसलेला नसतो. घरात 'काय करलालास' म्हणणारा लातूरचा मुलगा मुलाखतीच्या खोलीत शिरताच 'काय करत आहात' या भाषेवर येतो आणि त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही. कोणता शब्द मित्रापुरता, कोणता बाजारापुरता आणि कोणता वडीलधाऱ्यांसमोर तोंडातही येता कामा नये, ही जाण आपल्याला मराठीत वाढता वाढता मिळते. इंग्रजीत आपण वाढलेलो नसतो, म्हणून तीच जाण तेथे मुद्दाम कमवावी लागते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर नुसता अर्थ लिहून न घेता हा शब्द कोण, कोणाला आणि कुठल्या देशात म्हणतो, हेही सोबत पाहायचे आहे.

पहिली पायरी : आधी कान तयार करावा

नवखे विद्यार्थी लगेच नवनवे शब्द मागतात, पण मी त्यांना पहिले दोन आठवडे फक्त जोडून उच्चारलेले जुनेच शब्द ऐकायला लावते. 'गोइंग टू'चे 'गोना', 'वाँट टू'चे 'वॉना', 'गॉट टू'चे 'गॉटा', 'गिव्ह मी'चे 'गिमी', 'लेट मी'चे 'लेमी', 'डोन्ट नो'चे 'डनो' आणि 'काइंड ऑफ'चे 'काइंडा' होते. बोलण्यातला मोठा भाग कळत नाही तो बहुतेक वेळा या जोडउच्चारांमुळे, अवघड शब्दांमुळे नव्हे.

यांतला 'गोना' नीट समजून घ्यावा, कारण तो आपल्याकडे हमखास चुकतो. 'गोइंग टू' इंग्रजीत दोन कामे करते. 'आय एम गोइंग टू लातूर' या वाक्यात ते गावाकडे नेते, तर 'आय एम गोइंग टू कॉल हिम' या वाक्यात पुढे होणारी क्रिया सांगते. 'गोना' हा उच्चार फक्त दुसऱ्या कामासाठी आहे. त्याच्यापुढे क्रियापदच यावे लागते, म्हणून 'आय एम गोना कॉल हिम' बरोबर आहे आणि 'आय एम गोना लातूर' साफ चूक आहे. तसेच 'ही वॉना' असे म्हणू नये; तेथे 'ही वाँट्स टू' असेच हवे. हे सगळे उच्चार फक्त बोलण्यासाठी आहेत. अर्जात, अहवालात किंवा ग्राहकाला पाठवायच्या ईमेलमध्ये ते लिहिले तर लिहिणारा निष्काळजी वाटतो.

दुसरी पायरी : विचारपूस आणि तिची ठरलेली उत्तरे

चहाच्या टपरीवर कोणी 'काय चाललंय?' असे विचारले तर आपण 'निवांत' म्हणून पुढे जातो. आठवड्याचा हिशेब सांगत बसत नाही. इंग्रजी विचारपूसही अशीच असते. 'वॉट्स अप?' याचे रूढ उत्तर 'नॉट मच, यू?' असे आहे, तर 'हाउज इट गोइंग?' याला 'गुड, यू?' म्हणावे. ही दोन उत्तरे एकमेकांच्या जागी घालू नयेत. 'वॉट्स अप' हा 'काय चालले आहे' असा प्रश्न असल्यामुळे त्याला 'गुड' हे उत्तर फारसे जुळत नाही.

ब्रिटनमध्ये 'यू ऑलराइट?' हा नुसता नमस्कार आहे. आपल्याला मात्र ती चौकशी वाटते, जणू आपला चेहरा उतरलेला दिसला म्हणून कोणी विचारत आहे. परभणीहून लंडनला शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला वसतिगृहातल्या मुली रोज सकाळी असे विचारत आणि ती दोन दिवस आरशात स्वतःचा चेहरा न्याहाळत राहिली. 'येस, यू?' एवढेच त्याचे उत्तर आहे, आणि तेही चालता चालता द्यायचे असते.

आयर्लंडला जाणाऱ्यांनी आणखी दोन शब्द आधीच शिकून घ्यावेत. तेथे 'आय एम ग्रँड' म्हणजे 'मी ठीक आहे'. भव्यतेशी त्याचा संबंध नाही. रुग्णाने असे म्हटले की परिचारिकेने त्याला काही नको आहे असे समजावे. 'वॉट्स द क्रॅक?' या प्रश्नात काही तडकलेले नसते. आयरिश बोलीत 'क्रॅक' म्हणजे गप्पा, मजा, गंमत, आणि प्रश्नाचा अर्थ 'काय विशेष?' एवढाच आहे. त्याचे आयरिश वळणाचे स्पेलिंग सी, आर, ए, आय, सी असे असते. ते लिहिलेले दिसले तर गोंधळून जाऊ नये.

तिसरी पायरी : होकार, नकार आणि कबुली

या पायरीवर थोडे थांबावे असे माझे मत आहे, कारण चूक झाली तर येथे गैरसमज तत्काळ होतो. 'आय एम गुड' हे शब्द प्रश्नानुसार अर्थ बदलतात. कोणी चहाचा आग्रह करीत असताना ते म्हटले तर त्यांचा अर्थ 'नको, पुरे' असा होतो. आपल्याकडच्या यजमानाला ते होकारासारखे ऐकू येते आणि तो कप भरतो. 'टेल मी अबाउट इट' हे सविस्तर सांगण्याचे निमंत्रण नसून 'अगदी खरंय, मलाही तोच अनुभव आहे' अशी सहमती आहे. फोनवर तुम्ही उकाड्याबद्दल तक्रार केली आणि त्यावर ग्राहक 'टेल मी अबाउट इट' म्हणाला, तर पुढे तपशील सांगू नयेत.

'आय एम डाउन' आणि 'आय एम अप फॉर इट' ही दोन वाक्ये दिसायला उलट असली तरी बेत ठरत असताना दोन्हींचा अर्थ 'माझी तयारी आहे, मी येतो' असाच होतो. मात्र 'आय एम फीलिंग डाउन' म्हणजे मन खचलेले असणे. 'यू बेट' म्हणजे 'अर्थातच'. 'नो वरीज' ऑस्ट्रेलियात फार बोलतात आणि आता इतरत्रही ते सर्रास ऐकू येते. आभाराला उत्तर म्हणून आणि माफीला उत्तर म्हणून, असे दोन्हीकडे ते चालते.

'माय बॅड' म्हणजे 'माझं चुकलं', पण हे फार हलके चुकणे आहे. ईमेलला फाइल जोडायची राहिली, मीटिंगला दोन मिनिटे उशीर झाला, अशा वेळी ते शोभते. रुग्णाला औषध देण्यात चूक झाली किंवा ग्राहकाचे पैसे दुसऱ्याच खात्यात गेले, तेथे 'माय बॅड' म्हणणे म्हणजे आपण प्रसंगाचे गांभीर्य ओळखले नाही असे सांगणे होय. तेथे 'आय अपोलोजाइज' हेच शब्द हवेत.

काही शब्दांचा अर्थ केवळ सुरावर ठरतो. आनंदाची बातमी ऐकून मैत्रीण 'शट अप!' किंवा 'गेट आउट ऑफ हिअर!' असे ओरडली तर ती 'काय सांगतेस!' म्हणत असते. हे शब्द ओळखता यावेत, पण परक्या भाषेत तो सूर साधेपर्यंत स्वतः वापरू नयेत. ब्रिटिश माणसाने तुमच्या कामाला 'नॉट बॅड' म्हटले तर नाराज होऊ नये. त्याच्या तोंडी ती बऱ्यापैकी चांगली पावती असते.

चौथी पायरी : ऑफिसातली बोली

येथले शब्द शिकायला सोपे आहेत, कारण ते रोज कानावर पडतात. 'पिंग मी' म्हणजे मला छोटासा संदेश पाठव. 'हेड्स-अप' म्हणजे आधी दिलेली सूचना. 'सर्कल बॅक' म्हणजे या विषयावर नंतर परत येणे. 'आय डोन्ट हॅव द बँडविड्थ' म्हणजे माझ्याकडे सध्या तेवढा वेळ किंवा सवड नाही. 'लेट्स टेक इट ऑफलाइन' म्हणजे हा मुद्दा सगळ्यांसमोर नको, नंतर वेगळे बोलू.

बेसबॉल आपल्याकडे कोणी खेळत नाही, पण त्या खेळाचे शब्द अमेरिकी ऑफिसात पदोपदी भेटतात. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'रेन चेक'चा उगम तर पावसात आहे. सामना पावसामुळे रद्द झाला की प्रेक्षकाला नंतरच्या सामन्यासाठी वापरता येईल असे तिकीट मिळे, आणि ही पद्धत १८८० च्या दशकातली आहे. आज 'कॅन आय टेक अ रेन चेक?' म्हणजे 'आज जमणार नाही, पुढच्या वेळी नक्की'. एवढी माहिती ऐकली की विद्यार्थी हा शब्द विसरत नाहीत, असे मी पाहिले आहे.

ऑफिसातली लघुरूपे लक्षपूर्वक शिकावीत. 'एफवायआय' म्हणजे फक्त माहितीसाठी, 'एएसएपी' म्हणजे शक्य तितक्या लवकर, 'ओओओ' म्हणजे रजेवर किंवा ऑफिसबाहेर, 'एलएमके' म्हणजे मला कळवा. 'ईओडी' म्हणजे दिवस संपेपर्यंत, आणि येथे दिवस कोणाचा, हे विचारलेच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, ३ वाजून ३० मिनिटे, झालेली असते. उन्हाळ्यात त्यांची घड्याळे एक तास पुढे जातात आणि आपल्याकडे २ वाजून ३० मिनिटे होतात. त्यामुळे 'ईओडी युवर टाइम ऑर माइन?' असा प्रश्न विचारण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

'टेबल' हे क्रियापद तर दोन देशांत उलट अर्थाचे आहे. ब्रिटनमध्ये मुद्दा 'टेबल' केला म्हणजे तो चर्चेसाठी मांडला, अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे चर्चा पुढे ढकलली. दोन्ही देशांची माणसे एकाच बैठकीत असतील तर हा शब्द टाळून साध्या शब्दांत बोलावे.

पाचवी पायरी : संदेशांतली लघुरूपे

लघुरूपे मोबाइलमुळे आली असा समज आहे, पण तो खरा नाही. 'ओके' २३ मार्च १८३९ रोजी बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आले होते. 'ऑल करेक्ट' हे शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्यांची आद्याक्षरे घेण्याची त्या काळी तेथे टूम होती, तिच्यातून ते जन्मले. 'ओएमजी' हे लघुरूप तर १९१७ साली ब्रिटिश नौदलाचे लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडते.

आजच्या संदेशांत 'टीबीएच' म्हणजे खरे सांगायचे तर, 'आयडीके' म्हणजे माहीत नाही, 'एनव्हीएम' म्हणजे जाऊ दे, 'बीआरबी' म्हणजे आलोच, आणि 'एलओएल' म्हणजे मोठ्याने हसणे. 'एलओएल'चा अर्थ 'खूप प्रेम' असा समजून कोणाच्या निधनाच्या बातमीखाली ते लिहिले गेले तर मनाला किती लागेल, याची कल्पना करावी. उत्तरादाखल नुसते 'के' हे एक अक्षर पाठवणे अनेकांना तुटक वाटते; साहेबांना किंवा ग्राहकाला 'शुअर' किंवा 'ओके, थँक्स' असे लिहावे.

सहावी पायरी : शब्द कोणत्या देशाचा, ते पाहावे

पैशांच्या शब्दांपासून सुरुवात करावी, कारण आपल्याकडे 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी असल्यामुळे ही रीत लगेच कळते. 'बक' म्हणजे डॉलर, आणि तो शब्द अमेरिकेत हरणाच्या कातड्यांवर व्यापार चालत असे त्या काळातून आला असे मानले जाते. 'क्विड' म्हणजे ब्रिटिश पौंड. त्याचे अनेकवचन होत नाही, म्हणून 'टेन क्विड' म्हणावे, 'टेन क्विड्स' नव्हे. 'ग्रँड' म्हणजे एक हजार, आणि तेथेही 'ट्वेंटी ग्रँड' असेच म्हणतात. म्हणजे एकच 'ग्रँड' डब्लिनच्या रुग्णालयात तब्येत सांगतो आणि व्यवहारात हजार सांगतो.

ब्रिटनमध्ये 'चिअर्स' हा पेला उंचावतानाचा शब्द आहेच, शिवाय दुकानात सुटे पैसे परत घेताना तो 'थँक्स'च्या जागीही येतो. 'गटेड' म्हणजे मनातून फार निराश. 'नॅकर्ड' म्हणजे थकून गळून गेलेला, पण हा शब्द थोडा रांगडा आहे. पाहुण्यांसमोर 'टायर्ड' बरा. ऑस्ट्रेलियात दुपारला 'आर्वो', न्याहारीला 'ब्रेकी' आणि पेट्रोलपंपाला 'सर्वो' म्हणतात.

आता धोक्याचे शब्द. 'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये दारूच्या नशेत असलेला आणि अमेरिकेत चिडलेला. दोन्हीकडे तो असभ्यच आहे. 'पँट्स' म्हणजे अमेरिकेत आपली नेहमीची पँट, पण ब्रिटनमध्ये आतले कपडे, म्हणून तेथे 'ट्राउझर्स' म्हणावे. खोडरबराला आपण ब्रिटिशांप्रमाणे 'रबर' म्हणतो, मात्र अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ निरोध असा होतो. तेथे 'इरेझर' मागावा. हे सांगताना वर्गात मुले-मुली संकोचतात, पण आधी माहीत नसले तर परक्या देशात होणारा संकोच याहून मोठा असतो, म्हणून मी हे स्पष्टच सांगते.

येथेच एक गोष्ट मोठ्या आनंदाने सांगाविशी वाटते. ब्रिटिश बोलीत 'टेक अ डेको' म्हणजे 'एक नजर टाक', आणि हा 'डेको' म्हणजे आपल्याकडचा 'देखो' आहे. भारतात राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो घरी नेला. 'कुशी जॉब' म्हणजे सुखाची नोकरी, त्यातला 'कुशी' आला 'खुशी'वरून. 'पक्का', 'लूट' आणि 'ठग' हेही शब्द तिकडे गेले. मराठवाड्यात मराठीच्या बरोबरीने दखनी ऐकत वाढलेल्या, 'हौ' आणि 'नक्को' दोन्ही सहज समजणाऱ्या मुलांना हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरची इंग्रजीची भीती कमी होते. सैनिकांच्या आणि बाजाराच्या तोंडचे शब्द एका भाषेतून दुसरीत कसे जातात, हे ती लहानपणापासून पाहत आलेली असतात.

सातवी पायरी : तरुणांचे शब्द समजून घ्यावेत, उचलू नयेत

'कॅप' म्हणजे खोटे आणि 'नो कॅप' म्हणजे खरंच, शपथेवर. आपली 'टोपी घालणे' आणि ही 'कॅप' यांचा एकमेकींशी संबंध नाही, पण लक्षात ठेवायला हा योगायोग फार उपयोगी पडतो. 'सिक' आणि 'लिट' म्हणजे फार भारी. आपण 'खतरनाक' चांगल्या अर्थाने म्हणतो तसाच 'सिक'चा प्रवास आहे. 'गोट' म्हणजे बोकड नव्हे, तर 'आजवरचा सर्वश्रेष्ठ' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. क्रिकेटच्या चर्चेत तो तुम्ही ऐकलाच असेल. 'घोस्ट' करणे म्हणजे काही न सांगता संबंध तोडून उत्तरे देणे बंद करणे. आता नोकरीसाठी बोलावून पुढे काहीच न कळवणाऱ्यांबद्दलही तो वापरतात. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी. हा 'करिझ्मा' या शब्दाचा मधला तुकडा आहे आणि ऑक्सफर्डने २०२३ चा वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला. त्याआधी २०१३ साली तो मान 'सेल्फी'ला मिळाला होता.

'सेल्फी' टिकला, आपल्या मराठीतही आला. पण असे सगळेच टिकत नाहीत. १९६० च्या दशकात तरुणांच्या तोंडी असलेला 'ग्रूव्ही' आज कोणी गंभीरपणे वापरत नाही. याउलट जाझ वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या बोलीतून सर्वत्र पसरलेला 'कूल' कित्येक दशकांनंतरही ताजा आहे. नवखा माणूस हा फरक आधी ओळखू शकत नाही, म्हणून ताजे शब्द कळले तरी पुरे. ऑफिसात त्यांचा वापर करण्याची घाई करू नये.

या बोलीचा मोठा भाग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने घडवलेला आहे. त्या समाजाच्या गाण्यांत 'एन'ने सुरू होणारा एक शब्द ऐकू येतो. गुलामगिरीच्या काळापासून त्यांना हीन लेखण्यासाठी तो वापरला गेला. ते आपापसात तो कसा वापरतात, हा त्यांचा प्रश्न आहे. बाहेरच्या माणसाने तो गाणे गुणगुणतानाही उच्चारू नये. जातीवाचक शिवीने माणसाच्या काळजाला काय होते, हे ज्या मराठवाड्याने पाहिले आणि सोसले आहे, तेथल्या मुलांना याहून अधिक समजावण्याची गरज मला कधी पडली नाही.

आठवी पायरी : पडताळणी आणि वही

नवा शब्द भेटला की विद्यार्थी तो गुगलवर टाकतात आणि समोर येते ती अर्बन डिक्शनरी. १९९९ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर कोणीही अर्थ लिहू शकतो, त्यामुळे तेथे खरे अर्थ, थट्टा आणि अश्लील मजकूर एकत्र मिसळलेला असतो. शब्द पसरला आहे की नाही एवढे तेथे कळते. अर्थासाठी केंब्रिज किंवा मेरियम-वेब्स्टरचा मोफत ऑनलाइन कोश उघडावा. तेथे शब्दाजवळ लहान अक्षरांत 'इन्फॉर्मल', 'स्लँग', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ऑफेन्सिव्ह', 'यूके', 'यूएस' अशा खुणा असतात. अर्थ वाचण्याआधी ही खूण वाचण्याची सवय लावावी. 'ऑफेन्सिव्ह' दिसले की तो शब्द केवळ ओळखण्यापुरता ठेवावा. बाजारातल्या मार्गदर्शकांत वर्षानुवर्षे छापली जाणारी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' ही म्हण पाठ करण्यात मात्र वेळ घालवू नये. ती आज बोलण्यात फार क्वचित येते.

वहीत एका शब्दासाठी चार ओळी ठेवाव्यात. पहिल्या ओळीत शब्द सुटा न लिहिता ऐकलेले पूर्ण वाक्य, दुसरीत कोण कोणाला म्हणाले, तिसरीत देश, आणि चौथीत आपल्या बोलीतला जोडीदार. औश्याच्या त्या मुलाच्या वहीचे पहिले पान मी पाहिले आहे. 'यू आर किलिंग इट, साहेब मला, चॅटवर, अमेरिका, फोडलंस भावा'. शब्दकोशातला कोणताही अर्थ त्याच्या या चौथ्या ओळीपेक्षा नेमका नाही. एखादा शब्द तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकल्याशिवाय तो स्वतः वापरायचा नाही, असा नियम मी वर्गात घालून दिला आहे.

आणि समोरासमोर बोलताना काही कळलेच नाही, तर हसून मान डोलावू नये. 'सॉरी, आय डोन्ट नो दॅट एक्स्प्रेशन. वॉट डझ इट मीन?' असे सरळ विचारावे. माझ्या अनुभवात लोक हे विचारल्यावर आनंदाने समजावून सांगतात. न कळता दिलेला होकार मात्र पुढे कामात आडवा येतो.

नववी पायरी : आपल्या तोंडचे शब्दही तपासावेत

आपण स्वच्छ इंग्रजी समजून जे बोलतो, त्यातले बरेच भारताबाहेर कळत नाही. 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलेला आहे की तो बाहेर फारसा वापरात नाही हे सांगितल्यावर वर्गात कोणाचा विश्वास बसत नाही. परदेशी सहकाऱ्याला 'मूव्ह अप' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' सांगावे. 'आउट ऑफ स्टेशन'ऐवजी 'आउट ऑफ टाउन' म्हणावे. 'रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देणे, पण इतरत्र पूर्वस्थितीला परत जाणे. म्हणून 'रिप्लाय' लिहावे. 'डू द नीडफुल' हे शब्द परदेशी माणसाला जुनाट वाटतात, आणि नेमके काय करायचे ते त्याला कळत नाही, तेव्हा काम स्पष्ट शब्दांत सांगावे. भारतातल्या ऑफिसात हे सगळे शब्द जरूर चालवावेत. ते चुकीचे नाहीत, ते इथले आहेत.

यांतल्या एका शब्दाची किंमत मी स्वतः मोजली आहे. शिकवायला लागण्याआधी मी एका परदेशी संस्थेकडे अर्ज केला होता आणि त्यात मी 'पास्ड आउट' हे शब्द पदवीच्या वर्षासोबत लिहिले होते. फोनवरच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न माझ्या तब्येतीबद्दल आला, कारण तिकडे 'पास आउट' होणे म्हणजे शुद्ध हरपून पडणे. मला तो प्रश्नच समजला नाही, मी गडबडले आणि पुढची दहा मिनिटे सावरू शकले नाही. बायोडाटामध्ये 'पास्ड आउट' असेल तर तो खोडून तेथे 'ग्रॅज्युएटेड' लिहावे आणि पुढे वर्ष टाकावे. हे काम आजच करून ठेवावे.